न बोललेल्या उपासांचं उद्यापन

आठवड्याचे सात वार, त्यातले चार रचनाने देवांना वाटून दिले होते. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय संकष्टी आणि दोन्ही एकादशा होत्याच. एखादा देव नाराज व्हावा अशी जागाच तिने ठेवली नव्हती. आणि उपास तरी कसला? साबुदाणा नाही, वरी नाही, बटाट्याचा कीस नाही. सकाळी कोरा चहा, दुपारी एक केळं आणि संध्याकाळी कपभर दूध, तेही लेकीच्या, ऋतिकाच्या ग्लासात उरलं तर. वसईजवळच्या उमेळ्यातल्या बायका तिला उपासवाली रचना म्हणायच्या. म्हणताना चेष्टा असायची, पण त्या चेष्टेत आदरही असायचा.

सासूबाईंना, म्हणजे पुतळाबाईंना, तर सुनेचं कोण कौतुक. हळदीकुंकवाला गेल्या की त्या वाण घ्यायच्या आधी सुनेचे उपास सांगायच्या. "माजी सून हाय ना, तिच्या पुन्याईवर घर चाललंय," असं म्हणून पदर सावरायच्या. बायका माना डोलवायच्या. रचना मागे उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत असायची.

कारण खरं काय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. ती एकाही देवाला काही बोललेली नव्हती. नवस नव्हता, मागणं नव्हतं, कशाची मुदतही नव्हती.

सुरुवात झाली ती एका कॅसेटपासून. शहाण्णव साली धाकट्या दिराचं लग्न झालं आणि महिन्याभराने लग्नाची व्हिडिओ कॅसेट आली. भाड्याने व्हीसीआर आणला, शेजारीपाजारी बोलावले, पोरंटोरं टीव्हीला नाक लावून बसली. हळदीच्या पंगतीत वाढताना कॅमेरावाल्याने रचनाला पाठीमागून टिपलं होतं, आणि टिपलं ते चांगलं मिनिटभर. हिरवी साडी, हातात भाताची परात, आणि ती वाकली की सगळा पडदा भरून नुसती रचनाच. "अरे, वहिनीला बाजूला घ्या, नवरा दिसत नाय!" कुणीतरी ओरडलं. घर खदाखदा हसलं. रचनाचा नवरा, हितेश, तोही हसला. रचनाही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मग लोक पुढचं बघू लागले, मुंडावळ्या आल्या, अक्षता पडल्या. ती मात्र त्या एका मिनिटातच बसून राहिली. पुढच्या सोमवारी तिने पहिला उपास धरला.

"मी जेवणार नाही" असं म्हटलं असतं तर घरात दहा प्रश्न आले असते. बरं नाही का, भांडलीस का, माहेरी कुणी काही बोललं का. "उपास आहे" म्हटल्यावर एकही प्रश्न आला नाही. उलट तिच्यापुढचं ताट आदराने उचललं गेलं. आपल्याकडे उपाशी बाईला कुणी का म्हणून विचारत नाही, हे रचनाला त्या दिवशी कळलं आणि तिने त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

वसई रोड स्टेशनच्या दाराशी तेव्हा रंगीत दिव्यांचं वजनाचं मशीन होतं. नाणं टाकलं की आतलं चाक गरगर फिरायचं, दिवे लुकलुकायचे आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पहिल्या दोन महिन्यांत सहा किलो उतरले आणि भविष्यात लिहिलं होतं की आपणांस मानसन्मान लाभेल. मान लाभलाही. "बारीक झालीस गं," जो तो म्हणू लागला. ती तिकिटं तिने एका पत्र्याच्या डबीत जपून ठेवली.

मग एका बुधवारी ते झालं. दुपारचे तीन वाजले होते. हितेश वसई पूर्वेच्या वर्कशॉपमध्ये, ऋतिका बालवाडीत, पुतळाबाई ओटीवर आडव्या झालेल्या. रचनाने चहासाठी साखरेचा डबा उघडला. एक चमचा चहात गेला, एक तोंडात. मग टोपातला गार भात, त्यावर तूप-साखर. मग सुकटीची चटणी. मग ऋतिकाची बिस्किटं. मग पुन्हा साखर, नुसतीच. ओट्याशी उभी राहून, पाठ दाराकडे आणि कान ओटीकडे. भूक नव्हती, भूक केव्हाच भागली होती. आपण थांबायला हवं हे तिला खाता खाताच स्वच्छ कळत होतं आणि तरी हात थांबत नव्हता, याचीच तिला सर्वांत जास्त भीती वाटली. नंतर तिने चमचा दोनदा घासला, पुसला आणि जागेवर ठेवला. पोटात कळ येत होती आणि स्वतःची शिसारीही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. त्या दिवशी तिने केळंही खाल्लं नाही. शुक्रवारी दुपारी तीनला पुन्हा ती साखरेच्या डब्यापाशी होती.

असं तीन वर्षं चाललं. पोट दुखेपर्यंत खाल्लं म्हणून कडक उपास, आणि कडक उपास घडला म्हणून पुन्हा पोट दुखेपर्यंत खाणं. मंगळवारचा उपास तिने मागाहून धरलेला, तो एका सोमवारच्या पापाबद्दल. शनिवारही तसाच आला. साखर इतकी लवकर कशी संपते, असं पुतळाबाईंनी विचारलं की ती मुंग्यांवर ढकलायची, आणि पुतळाबाई बिचाऱ्या मुंग्यांना शिव्या घालत हळदीच्या रेघा ओढायच्या. मग घरातलं उघड संपायला नको म्हणून तिने स्वतःची बेगमी सुरू केली. माजघरात तांदळाचं पिंप होतं. त्यात कोपरापर्यंत हात घातला की खाली गुळाचा खडा, बिस्किटांचे पुडे आणि शेजारच्या मार्गारेटकडून आणलेली सुकेळी असायची, म्हणजे आपली वसईची उन्हात वाळवलेली केळी. पिंपावरचं झाकण कुणी उघडलं तरी रचना हातातलं काम टाकून माजघरात यायची. आणि एवढं सगळं करून स्टेशनवरचं मशीन काय सांगत होतं? कॅसेट बघितली त्या दिवसापेक्षा दोन किलो जास्त.

नव्व्याण्णवच्या श्रावणात, एका मंगळवारी, कपडे वाळत घालताना ती दोरीखालीच कोसळली. पुतळाबाईंनी रिक्षा बोलावली आणि तिला वसईत डॉक्टर रोझमेरींकडे नेलं. डॉक्टरबाईंनी रक्तदाब पाहिला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"उपास किती करतेस?"

उत्तर पुतळाबाईंनीच दिलं आणि तेही अभिमानाने. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आणि उपास सुटला की काय खातेस?"

रचनाने सासूकडे पाहिलं. "थोडंसंच," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी एकदा पुतळाबाईंकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आजपासून सगळे उपास बंद. दिवसातून चार वेळा खायचं. पंधरा दिवसांनी ये, आणि एकटी ये."

 परत येताना रिक्षात, माणिकपूर मागे पडल्यावर, पुतळाबाईंनी रचनाचा हात हातात घेतला.

"तू नको घाबरू. तुजं उपास आता मी धरते."

"आई!" रचना दचकलीच. "तुम्हाला डायबिटीस आहे."

"म्हातारीला काय व्हतंय? माजे सासूची संकष्टी मी सात महिने धरलेली. घरात असंच असतंय. एकीला जमलं नाय तर दुसरीनं उचलायचं. देवाचं आपल्याकडं काय ऱ्हायाला नको." मग त्यांनी सहज विचारलं, "कवापरयंत बोललेली तू?"

"म्हणजे?"

"किती सोमवार, किती शनवार? सोळा, एकवीस? उद्यापन कवा हाय?"

"तसं... ठरवलं नव्हतं."

"शेवट नसलेला उपास कोन धरतंय गं?" पुतळाबाई चकित झाल्या. पण सून आजारी, म्हणून त्यांनी विषय वाढवला नाही.

आणि खरोखरच त्यांनी चारही वार उचलले. रोजची डायबिटीसची गोळी मात्र नेमाने, सकाळी साडेसातला, कोऱ्या चहाबरोबर. वर दिवसभर काही नाही, कारण सून अलीकडे केळंही न खाता जसा करत होती तसाच उपास करायचा, त्यात सूट घेतली तर तो पोचत नाही असं त्यांचं म्हणणं. रचना केळं पुढे करायची, त्या बाजूला सारायच्या. हितेशला सांगितलं तर तो म्हणाला, "आई ऐकते का कुणाचं? करेल पंधरा दिवस आणि सोडेल." असे शहाणे नवरे घरोघर असतात.

आता रचना रोज जेवायला बसायची आणि समोर भिंतीला टेकून सासू उपाशी बसलेली असायची, वर आणि म्हणायची, "खा गं, पोटभर खा, माजी काळजी करू नको." घास तोंडात फिरत राहायचा. एक वाक्य पुरेसं होतं: आई, मी कुठल्याच देवाला काही बोललेली नव्हते. पण त्या वाक्यामागून दुसरं आलं असतं, मग तिसरं, मग साखर, मुंग्या आणि तांदळाचं पिंप. गावभर सांगितलेली पुण्याई एका दुपारी वाहून गेली असती. म्हणून ती गप्प राहिली. पुतळाबाईंच्या हाताला हल्ली कंप सुटतो हे तिला दिसत होतं. संध्याकाळी दिवा लावताना त्यांना काडी धरवत नव्हती. रचना रोज ठरवायची की उद्या सांगू, आणि रोज घाबरून आणखी खायची. डॉक्टरबाईंनी एकटीला बोलावलं होतं, तिथेही ती गेली नाही. भाद्रपदातल्या एका शुक्रवारी तिने साखरेचा डबा तळापर्यंत संपवला. उद्या संध्याकाळी दुकानातून आणू आणि गुपचूप भरून ठेवू, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी अडीचच्या सुमारास ती ओटीवर आली तेव्हा पुतळाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. रचना बघतच राहिली. त्या चांगले दाणे जमिनीवर टाकत होत्या आणि खडे सुपात ठेवत होत्या. कपाळावरून घामाच्या धारा, चोळी भिजलेली.

"आई?"

पुतळाबाईंनी मान वर केली. नजर रचनावरून आरपार गेली. "भागू, होडी आली का गं?" त्यांनी विचारलं. भागूबाई म्हणजे त्यांची बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झाली होती.

घाम, थरथर, भलतंच बोलणं. असं झालं की लगेच साखर द्यायची, हे या घरात ऋतिकालासुद्धा पाठ होतं. रचना स्वयंपाकघरात धावली, डबा ओढला, झाकण उघडलं. तळाशी चमचा होता आणि दुसरं काही नव्हतं.

ती तो रिकामा डबा धरून क्षणभर उभी राहिली. मी खाल्ली, एवढंच तिच्या डोक्यात येत होतं, मी खाल्ली, मी खाल्ली. ओटीवर सूप पडल्याचा आवाज आला. मग तिने पिंपाकडे झेप घेतली, झाकण भिरकावलं आणि दोन्ही हात तांदळात खुपसले. तांदूळ माजघरभर सांडले, पुडे निघाले, सुकेळी निघाली आणि गुळाचा खडा हाताला लागला. वरवंट्याने तो फोडला, पाण्यात कालवला आणि पुतळाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन ती घोट घोट पाजू लागली. "गिळा आई, गिळा. आणखी एक." हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, ते ती पदराने टिपत होती. जरा गिळायला लागल्यावर तिने सुकेळी बोटांनी बारीक तोडून भरवली. आयुष्यात इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती.

पाव तासाने पुतळाबाईंची नजर जागेवर आली. त्यांनी ओठ चाटले.

"गूळ दिलास मना? आज शनवार हाय. उपास मोडला गं."

"तो उपासच नव्हता, आई."

आणि मग सगळं बाहेर आलं. कॅसेट, मशीनची तिकिटं, दुपारचे तीन, मुंग्या, पिंप. रचना रडत नव्हती, नुसती बोलत होती, भराभर, मध्ये थांबलं तर पुन्हा जमणार नाही अशा धास्तीने. पुतळाबाई मांडीवरून उठून बसल्या. माजघरातल्या सांडलेल्या तांदळाकडे, पुड्यांकडे, सुकेळ्यांकडे पाहत राहिल्या.

"मंग मी कोनासाठी उपाशी बसलेली?" त्या एवढंच म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून ओटीवरच बसून राहिल्या. रचनाने तांदूळ भरले, केर काढला, ऋतिकाला खायला दिलं. दिवेलागणीला पुतळाबाई तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"त्या कॅशेटीच्या टायमाला," त्या म्हणाल्या, "मी बी हसलेली."

मग रचना रडली.

उद्यापन पुतळाबाईंनीच ठरवलं. कुणाला बोललेली नसेल, पण तीन वर्षं उपाशी बसलीय ना, मग ते बंद करायचं तर रीतसर बंद करायचं, असं त्यांचं म्हणणं. कुठल्या देवाचं, असं हितेशने विचारलं तर म्हणाल्या, "सगळ्यांचं एकदम. त्यांचं ते वाटून घेतील." सोमवार धरला. नारळ फोडला, पाच सवाष्णी बोलावल्या, मार्गारेटही आली. वडे, भात, वाटाण्याची आमटी, खीर. उद्यापनाला घरची बाई वाढते आणि शेवटी जेवते. पुतळाबाईंनी रचनाला पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं.

 इतक्या जणींसमोर जेवायचं, आणि एकदा सुरू केलं की हात थांबला नाही तर? तिने एक वडा खाल्ला, थोडा भात, वाटीभर खीर. पुतळाबाई खिरीचं पातेलं घेऊन तिच्यासमोर आल्या. या बाईचा आग्रह गावात प्रसिद्ध होता. नको म्हणणाऱ्याच्या ताटात त्या वरून ओतत असत, हात आडवा धरला तर हातावर. रचनाने वर पाहिलं.

"पुरं?" पुतळाबाईंनी विचारलं.

"पुरं."

त्यांनी पळी मागे घेतली आणि त्या पुढच्या बाईकडे वळल्या.

त्याच आठवड्यात दोघी डॉक्टर रोझमेरींकडे गेल्या. गोळी घेऊन उपाशी बसल्याबद्दल पुतळाबाईंना तिथे चांगलीच बोलणी बसली. रचनाने या वेळी स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं होणारी तू एकटी नाहीस. पुन्हाही होईल कधीतरी. झालं तर होऊ दे. पण त्याच्या पुढचं जेवण चुकवायचं नाही. जास्त खाल्लं म्हणून उपाशी राहायचं नाही, एवढं एकच सांभाळ." घरी आल्यावर रचनाने ती वजनाची तिकिटं ऋतिकाला खेळायला दिली. तिने कंडक्टर होऊन ती आठवड्याभरात फाडून संपवली. पुतळाबाईंनी साखरेचा डबा वरच्या फळीवरून खाली आणला. "आपल्या दोघींची हाय," त्या म्हणाल्या. "संपली तर सांगायचं."

चार महिने बरे गेले. बरे म्हणजे काय, रोज चार वेळा ताटापाशी बसायची भीती वाटायची, पण ती बसायची. मग पौषात, एका शुक्रवारी, दिराच्या सासरकडची एक बाई आली आणि जाता जाता दारात म्हणाली, "रचना, जरा भरलीस हं." बाई गेली. तीन वाजले. आणि पुन्हा तेच झालं, ओट्याशी उभी, पाठ दाराकडे, हातात चमचा.

डब्याचा तळ दिसला तेव्हा ती भानावर आली. पोटाला तडस लागलेली, घशाशी गोड कडवटपणा. सगळं फुकट गेलं, सासूचं मरता मरता वाचणंसुद्धा. उद्या शनिवार, हे तिच्या ताबडतोब ध्यानात आलं. उद्या काही खायचं नाही, परवाही नाही, म्हणजे हे भरून निघेल. "उद्या माझा उपास आहे" हे वाक्य ओठांवर तयार होतं. जुनं, ओळखीचं वाक्य. ते बोललं की कुणी काही विचारणार नव्हतं.

तिने चमचा घासला नाही. तो तसाच डब्यात टाकला आणि डबा घेऊन ती ओटीवर गेली.  पुतळाबाई वाल सोलत बसल्या होत्या.

"आई, साखर संपवली मी."

पुतळाबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. "सगळी?"

"सगळी."

वालाची दोन-चार सालं त्यांनी बाजूला केली. मग म्हणाल्या, "दुकानातनं आन मग. माज्यासाठी घरात लागतेच. आनी सांजला भात लाव, आपल्या दोघींचा."

"मला नको, आई. पोट फुटायला आलंय."

"दोन घास खा. पन बस ताटावर. चुकवायचं नाय, डॉक्टरबाय बोललीय."

आठ वाजता दोघी जेवायला बसल्या. रचनाने मूठभर भात घेतला, त्यावर वालाचं कालवण. पहिला घास उचलताना आपण पुन्हा पडद्यावरची ती बाई होणार, ही भीती अजिबात कमी झाली नव्हती. तिने घास खाल्ला. मग दुसरा. पुतळाबाई आपल्या ताटात बघून जेवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी तव्यावरची पहिली भाकरी पुतळाबाईंनी रचनाच्या ताटात टाकली, आणि ती खायला बसली.